लाराची उडी किती चौकोनांची?

'टूम रेडर'चा पहिला भाग आज तीन तऱ्हांनी खेळता येतो. १९९६ चा मूळ गेम, २००७ मध्ये पायापासून नव्याने बांधलेला 'ॲनिव्हर्सरी' आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पहिल्या तीन भागांच्या संचात आलेला रिमास्टर, म्हणजे जुन्याच गेमला नवी चित्रं चढवलेली आवृत्ती. गोष्ट तिन्हींत तीच. लारा क्रॉफ्ट पेरूच्या बर्फाळ डोंगरात शिरते, तिथून ग्रीस, मग इजिप्त आणि शेवटी अटलांटिस.

हे तिन्ही एकापाठोपाठ खेळायचं ठरलं ते एका वादामुळे. माझा भाचा २०१३ च्या 'टूम रेडर'वर वाढलेला. त्याच्या मते त्याआधीचं सगळं काचेच्या कपाटात ठेवून लांबून बघायचं. माझं म्हणणं असं की २०१३ चा गेम झकास आहे, पण त्यात माणसं मारायचं काम फार आणि थडगी मात्र 'वाटलं तर करा' या सदरात टाकलेली. असे वाद नुसत्या आठवणींच्या भरवशावर घातले की दोन्ही बाजू थोड्या थोड्या थापा मारतात. म्हणून म्हटलं, खेळूनच बघू. मी खेळणार, तो शेजारी बसून टोमणे मारणार, मग त्याची पाळी.

रिमास्टर सुरू केला की आधी एक सूचना येते. वेगवेगळ्या वंशांच्या आणि संस्कृतींच्या लोकांचं जुन्या गेममधलं चित्रण आक्षेपार्ह आहे, पण ते पुसून टाकण्याऐवजी तसंच ठेवलं आहे, असा तिचा मतलब. भाच्याने ती वाचायच्या आत बटण दाबलं. मला ती आवडली. त्या काळच्या गेममध्ये काय होतं ते लपवायचं नाही आणि त्याची भलावणही करायची नाही, हे जमवणं सोपं नसतं.

मग मेन्यूत कंट्रोलचे दोन पर्याय दिसतात, मॉडर्न आणि टँक. आम्ही अर्थात मॉडर्न घेतले. कंट्रोलरवरची छोटी काठी जिकडे ढकलाल तिकडे लारा धावते, कॅमेरा मागे फिरतो, आजच्या कुठल्याही गेमसारखं. पहिल्या लेव्हलमध्ये, म्हणजे गुहांत, काही अडलं नाही. वटवाघळं, लांडगे, एक अस्वल, सगळं पार पडलं. भाचा म्हणाला, "एवढंच होतं? याच्यासाठी भांडत होतीस?"

खरी अडचण सुरू झाली लॉस्ट व्हॅलीत. तिथे तुटलेला पूल आहे, धबधब्याच्या वरच्या अंगाला खडकांवरून उड्या आहेत, आणि तीन दातेरी चाकं शोधून एका यंत्रात बसवली की पाण्याचा प्रवाह वळतो आणि पुढचा रस्ता उघडतो. चाकं मिळवायला उड्या मारायच्या आणि आमची लारा प्रत्येक उडीला दरीत. कधी कडेच्या आधीच उडायची, कधी धावत सरळ खाली जायची, कधी तिरकी जाऊन दगडावर आपटायची. जमिनीवर आदळल्यावरचा तो हाडांचा आवाज या मालिकेच्या जुन्या खेळाडूंना वेगळा सांगायला नको.

दोष लाराचाही नव्हता आणि आमच्या हातांचाही नव्हता. पहिल्या टूम रेडरचं अख्खं जग सारख्या आकाराच्या चौकोनांवर उभं आहे आणि लाराची प्रत्येक हालचाल त्या चौकोनाच्या मापाने बेतलेली आहे. जागेवरून मारलेली उडी एका चौकोनाची फट ओलांडते. धावत मारलेली दोन चौकोनांची. धावत उडी मारून हवेत असताना ॲक्शनचं बटण धरून ठेवलं, तर तीन चौकोनांपलीकडची कड बोटांना लागते. मागे मारलेली छोटी उडी बरोब्बर एक चौकोन मागे नेते, आणि धावत्या उडीला धाव लागते तीही तेवढीच. चालायचं बटण दाबून कडेशी गेलं तर ती कडेवरून पडत नाही, थांबते. म्हणजे पद्धत अशी: चालत कडेपर्यंत जा, एक उडी मागे मार, पुढे धाव आणि उडीचं बटण आधीच दाबून धर. लारा कडेवर आली की आपोआप उडते. यात हाताच्या चपळाईचा भाग जवळजवळ नाहीच. दरी बघायची, चौकोन मोजायचे, कुठली उडी ते ठरवायचं. ठरवणं बरोबर असेल तर उडी चुकतच नाही.

मॉडर्न कंट्रोलमध्ये काठी मागे ओढली की लारा वळून आपल्याकडे धावत येते. मग मापून एक चौकोन मागे कसं जाणार? दऱ्या जुन्याच आणि उडीची मापंही जुनीच, पण ती मापं वापरायचं साधनच हातातून काढून घेतलेलं. सोयीसाठी दिलेला पर्याय गेमचा सगळ्यात अवघड पर्याय होऊन बसतो तो असा.

आम्ही टँकवर आलो. यात 'पुढे' म्हणजे लाराच्या नाकासमोर, कॅमेरा कुठेही असो. डावं-उजवं दाबलं की ती जागच्या जागी वळते.

"मावशी, ही बाई आहे की रोडरोलर?"

"आधी थांबायला शीक, मग वळ."

"गेममध्ये थांबतं कोण?"

"मग पड."

तो पडला. पुन्हा पडला. मी सांगितलं की फरशीवरचे चौकोन मोज. तो म्हणाला, कुठले चौकोन, सगळीकडे गवत आणि दगडच तर आहेत. त्याचं बरोबर होतं, आणि इथे रिमास्टरची सगळ्यात चांगली सोय कामाला आली. एक बटण दाबलं की त्याच क्षणी, त्याच जागी, गेम जुन्या चित्रात जातो. नव्या चित्रात खडकांना खडकाचा पोत आहे, कोपऱ्यांत झुडपं आहेत, सांधे बुजवलेले आहेत. जुन्या चित्रात मात्र तोच फरशीचा तुकडा प्रत्येक चौकोनावर पुन्हा चिकटवलेला. दिसायला ओबडधोबड, पण जमीन स्वतःच मोजपट्टी होते. भाच्याने बटण दाबलं, "एक, दोन, तीन, म्हणजे धावत आणि पकडून," असं मोठ्याने म्हणाला आणि पलीकडे गेला. पुढे तर त्याची सवयच झाली, उडी आली की जुनं चित्र आणि पार झाली की नवं.

ही अदलाबदल आणखी एका कारणासाठी करावी लागते. नव्या चित्रांतल्या काही खोल्या फारच काळोख्या आहेत. किल्ली, औषधाची पेटी, भिंतीवरचा खटका नजरेतून निसटतो, आणि जुन्या चित्रात तेच सगळं ढळढळीत समोर दिसतं. अनेक खेळाडूंनी हीच तक्रार केली आहे. पण याच नव्या चित्रामुळे पहिल्या भागातल्या लाराला पाठीवर हलणारी वेणी मिळाली. १९९६ मध्ये खेळताना तिचा नुसता अंबाडा असायचा आणि वेणी फक्त मधल्या चित्रफितींत दिसायची. हलती वेणी खेळात आली ती दुसऱ्या भागात. वेणीने उडीत काही फरक पडत नाही, पण बघून मी खूश झाले हे कबूल.

लॉस्ट व्हॅलीत टी-रेक्स आहे. न खेळलेल्यांचा रसभंग होईल असं म्हणावं, तर या गुपिताला आता पाव शतकाहून जास्त काळ लोटला आहे. मूळ गेममध्ये तो कसा येतो? आधी छोटे डायनोसॉर येतात, तेवढ्यानेच माणूस चक्रावतो, कारण तोवर आपण लांडगे-अस्वलांच्या जगात असतो. त्यांना निपटून श्वास घ्यावा तर पावलागणिक पडदा हादरायला लागतो आणि दरीच्या टोकाकडून तो चालत येतो. ना चित्रफीत, ना कॅमेऱ्याची कसरत, ना पळा म्हणून सूचना. गेम आपल्या हातातून क्षणभरही सुटत नाही. भाच्याने कंट्रोलर माझ्या मांडीवर टाकला आणि म्हणाला, "तू खेळ."

या गेममध्ये सतत वाजणारं संगीत नाही, हेही इथे कामी येतं. बहुतेक वेळ वारा, पाणी आणि लाराची पावलं. सूर ऐकू आले की समजायचं, काहीतरी घडणार किंवा काहीतरी भव्य दिसणार. आजच्या गेमना एवढं गप्प राहायचा धीर नाही.

मग 'ॲनिव्हर्सरी' लावला. लाराचा मूळ निर्माता टोबी गार्ड मूळ कोअर डिझाइन स्टुडिओ सोडून गेला होता, तो क्रिस्टल डायनॅमिक्सच्या या गेमच्या वेळी परत कामाला होता. इथे चौकोन गेले. लारा भिंतीवरून दोरीच्या आधाराने पळते, खांबांवर तोल सावरते, कड थोडी हुकली तरी हात पोचतात. टी-रेक्सची एन्ट्री रीतसर चित्रफितीने होते आणि मग ठरलेला सामना: त्याला चिडवायचं, तो धावून आला की ऐन वेळी बाजूला व्हायचं, तो भिंतीतल्या टोकदार अणकुचींवर डोकं आपटतो. भाचा खुर्चीतून उठून खेळत होता. "हा खरा डायनोसॉर! तुझा नुसता चालत आला."

मला वाटलं होतं की मी 'ॲनिव्हर्सरी'वर वैतागेन, कारण आवडता गेम बदलला की जुने खेळाडू वैतागतात हे ठरलेलंच. तसं झालं नाही. यात कंट्रोल बदलले आणि दऱ्याही त्या कंट्रोलच्या मापाने नव्याने खोदल्या. सेंट फ्रान्सिस फॉलीची ती उंचच उंच, खाली बघून गरगरायला लावणारी विहिरीसारखी जागा आहे तशी आहे, पण तिथले खांब आणि कडा नव्या लाराच्या हातांसाठी मांडलेल्या. काही लेव्हल छाटल्या, काही एकमेकींत मिसळल्या, त्याची हळहळ वाटते. लार्सन नावाच्या माणसाशी मूळ गेममध्ये सरळ गोळीबार होतो आणि विषय संपतो. इथे त्याला मारल्यावर लारा हादरलेली दिसते. तो प्रसंग नव्या गेममध्ये जास्त वजनदार आहे, हे मी भाच्याला लगेच मान्य केलं. फक्त त्या सामन्यात पडद्यावर दिसेल ते बटण दाबत बसायचं, म्हणजे हात माझे आणि निर्णय दुसऱ्याचा.

एक बदल मात्र माझ्या मनातून जात नाही. मूळ सेंट फ्रान्सिस फॉलीत चार दारांवर चार नावं आहेत: नेपच्यून, ॲटलस, डॅमोक्लिज आणि थॉर. ग्रीसच्या जमिनीखाली रोमन देव, आणि शेजारी थेट उत्तर युरोपातला थॉर! 'ॲनिव्हर्सरी'ने ही चूक दुरुस्त केली, नेपच्यूनचा पोसायडन केला आणि थॉरच्या जागी हिफायस्टस बसवला. अभ्यास म्हणून पैकीच्या पैकी गुण. पण थॉरच्या खोलीतला डोक्यावर पडणारा अवाढव्य हातोडा आणि कडाडणारी वीज यांत १९९६ च्या छोट्या चमूचा जो बेधडकपणा होता, तो या दुरुस्तीत गेला. काही चुका राहू द्याव्यात.

तर वादाचं काय झालं? माझं मत थोडं सरकलं आणि थोडं पक्कं झालं. जुन्या गेमचे कंट्रोल 'वाईट' म्हणून बदलायचे आणि ज्या जागांसाठी ते बनले होते त्या जागा तशाच ठेवायच्या, हा सगळ्यात फसवा मार्ग. 'मेटल गिअर सॉलिड' हा लपतछपत पुढे जायचा गेम घ्या. १९९८ च्या गेममध्ये पहारेकरी, खोल्या आणि लढती वरून बघणाऱ्या कॅमेऱ्याच्या हिशेबाने मांडल्या होत्या. २००४ च्या 'द ट्विन स्नेक्स' या रिमेकने त्या मालिकेच्या दुसऱ्या भागातली, पात्राच्या डोळ्यांतून बघून नेम धरायची सोय त्याच खोल्यांत आणून टाकली. नेम धरता येतो म्हटल्यावर लांबूनच एकेकाला झोपवता येतं, आणि लपत जाण्याची निम्मी गंमत आटते. उलट 'रेसिडेंट ईव्हिल २' या भयगेमचा २०१९ चा रिमेक बघा. १९९८ च्या गेमचा स्थिर कॅमेरा पूर्ण काढला, कॅमेरा खांद्यामागे आणला, पण गेम जिथे घडतो ते पोलीस ठाणंही त्या नजरेसाठी नव्याने रचलं. मूळ गेममध्ये दुसऱ्या फेरीतच भेटणारा टायरंट नावाचा धिप्पाड राक्षस इथे इमारतभर पाठलाग करत फिरतो आणि छताच्या वरून त्याची पावलं ऐकू येतात. एवढं सगळं बदलूनही जुन्या खेळाडूंपैकी फारच थोड्यांनी नाक मुरडलं.

चित्रांनाही हेच लागू होतं. १९९९ च्या 'सायलेंट हिल' या भयगेममधल्या गावातलं धुकं मशीनची मर्यादा झाकायला घातलं होतं, आणि तेच धुकं त्या गावाची ओळख झालं. २०१२ च्या एचडी संचात दुसऱ्या भागातलं धुकं विरळ झालं आणि तळ्याचं पाणी मध्येच कापल्यासारखं संपताना दिसू लागलं. २०२१ च्या 'जीटीए' त्रयीच्या नव्या आवृत्तीत 'सॅन अँड्रियास'वरची धूसर हवा गेली, तसा एके काळी अफाट वाटलेला मुलूख डोंगरावरून बघितल्यावर आटोपशीर बागेएवढा दिसला. तिथे पावसापासून दुकानांवरच्या पाट्यांच्या स्पेलिंगपर्यंत इतक्या तक्रारी झाल्या की कंपनीला माफी मागून पीसीवर जुन्या आवृत्त्या पुन्हा विक्रीला ठेवाव्या लागल्या. टूम रेडरचा रिमास्टर यातून वाचला, कारण जुनं चित्र त्याच्या पोटातच आहे. बदल पटला नाही तर बटण दाबा.

संचातले पुढचे दोन भाग आम्ही आलटूनपालटून खेळलो. १९९७ चा दुसरा भाग बहुतेकांच्या आवडीचा आणि का ते कळतं. चीनच्या भिंतीपासून सुरुवात, व्हेनिसमधल्या वेगवान बोटी, बुडालेलं जहाज. पण शत्रू म्हणून माणसांची गर्दी इथेच सुरू झाली, पहिल्या भागात ती मोजकीच होती. भाच्याने हे बरोबर पकडलं. "२०१३ मध्ये माणसं जास्त म्हणून ओरडतेस, आणि हे काय?" मला उत्तर सुचेना, म्हणून मी त्याला लाराच्या वाड्यात नेलं आणि म्हाताऱ्या बटलरला फ्रीझरमध्ये कोंडून दाखवलं. हे ज्याने केलं नाही तो दुसरा भाग खेळला असं मी मानत नाही.

तिसरा भाग, १९९८ चा, भारतातल्या जंगलात सुरू होतो. तिथे अनेक हातांच्या शिवाच्या मूर्ती तलवारी उपसून अंगावर येतात आणि गंगेच्या काठाने लारा चारचाकी बाइक उडवत जाते. ती सुरुवातीची सूचना भाच्याला तेव्हा आठवली. गेम अवघड आहे, आणि तो अवघडपणा सगळा प्रामाणिक नाही. पहिल्या भागात दरी बघून उत्तर कळायचं. इथे बऱ्याचदा मरूनच कळतं की मागून दगड येणार होता. दरवर्षी एक भाग काढायचा दबाव या कामात दिसतो. १९९९ च्या चौथ्या भागाच्या शेवटी तर थकलेल्या चमूने लारालाच गाडून टाकलं, आणि तरीही पुढच्या वर्षी पाचवा भाग आलाच.

चार ते सहा या भागांचा दुसरा संच फेब्रुवारी २०२५ मध्ये आला. सहावा म्हणजे २००३ चा 'एंजल ऑफ डार्कनेस', अर्धवट अवस्थेत बाजारात आलेला. त्याच्या अपयशानंतर मालिका कोअर डिझाइनच्या हातून गेली. मी भाच्याला सांगितलं, आधी चौथा खेळ. तो ऐकेना. "चांगला गेम काय, कधीही खेळता येतो. बिघडलेला नेमका कुठे बिघडला ते मला आधी बघायचंय." त्याने सहावा लावला आहे आणि मधूनमधून मला बोलावून काहीतरी विचित्र दाखवत असतो. मी चौथ्यात आहे. त्यात नव्याने आलेली लोंबती दोरी आहे, आणि दोरीवरून झोका घेऊन उडी कधी सोडायची याला चौकोनाचं माप लागू होत नाही. तिथे मी सध्या वरचेवर खाली पडते आहे, आणि भाचा पलीकडून ओरडतो, "मोज ना!"